आठ तासांचा दर, बारा तासांचं काम

जुलै 2019. तीन दिवस झड लागली होती. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर तीसेक पोरं रेनकोट घालून उभी होती. कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. नाव घेत नाही. पोरांचा अर्ज आदल्या आठवड्यातच माझ्या टेबलावर आला होता. त्यात एवढंच लिहिलेलं, की परप्रांतीय मुलं कमी पगारात आणली आणि आम्हाला ब्रेक दिला. कॉन्ट्रॅक्टवरचं काम सुटलं की आमच्याकडे त्याला ब्रेकच म्हणतात.

मी तेव्हा सरकारी कामगार अधिकारी होते. किमान वेतन आणि कंत्राटी कामगार, दोन्ही कायद्यांखालची तपासणी माझ्याकडे होती. गाडीतून उतरले तोच सगळ्यांत पुढचा मुलगा म्हणाला, "मॅडम, त्यांना फक्त बाहेर काढा. आमचे पगार आपोआप वाढतात की नाही बघा." हा नांदेडचा, आयटीआय फिटर. शेजारी उभा होता तो चाकणजवळच्या महाळुंगे गावचाच. त्याच्या घरच्यांनी नऊ खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या आणि त्यात राहत होती ती बिहारची पोरं. त्याने हे स्वतःहून सांगितलं, जरा खाली बघत. चाकणला खरं तर नांदेडचं पोरगंही बाहेरचंच. पण त्या दिवशी गेटवर रेघ वेगळ्या जागी ओढली गेली होती.

आत एचआरवाल्याने सगळे कागद तयार ठेवले होते. मस्टर स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. अकुशल कामगाराचा दर विशेष भत्त्यासकट बरोबर. पगार बँकेत जमा. बावीस परप्रांतीय मुलं एका ठेकेदाराकडची, आणि कागदावर एक पैसाही कमी नाही. मग ही मुलं स्वस्त पडतात कशी?

मी वर्क ऑर्डर मागितली. एका माणसाच्या एका शिफ्टला कंपनी ठेकेदाराला किमान वेतन आणि त्याच्या वर पंधरा टक्के देत होती. इथेच मी पेन खाली ठेवला. किमान वेतन दिलं की त्यावर भविष्य निर्वाह निधीचे सुमारे 13 टक्के येतात, कामगार विम्याचे (ईएसआय) सव्वातीन, बोनसचे 8.33. म्हणजे कायद्याने वागणाऱ्या ठेकेदाराला नुसत्या देण्यांसाठीच जवळजवळ पाव हिस्सा वर लागतो. त्याचा नफा अजून धरलेलाच नाही. पंधरा टक्क्यांत ठेका घेणारा माणूस कुणाच्या तरी ताटातलं काढूनच घेणार, आणि त्या वर्क ऑर्डरवर सही करणाऱ्याला हे कळत नसेल असं मी मानत नाही.

गेटच्या पंचिंग मशीनचा डेटा काढायला लावला. आत सकाळी सात, बाहेर संध्याकाळी सात. बावीसच्या बावीस जण, रोज. मस्टरवर मात्र आठ तास. जेवणाच्या सुट्टीचं काय, असं विचारलं तर मशीन चालू ठेवून आळीपाळीने दहा-दहा मिनिटं. तेव्हाच्या कारखाना अधिनियमानुसार जादा तासांना दुप्पट दर. म्हणजे वरच्या चार तासांचे आठ तासांइतके पैसे होतात. बारा तास राबणाऱ्याला सोळा तासांचं वेतन यायला हवं होतं, येत होतं आठचं. नेमकं निम्मं.

दुपारी खोल्यांवर गेले. महाळुंग्याच्या मुलानेच वाट दाखवली, नांदेडचाही मागोमाग आला. एका खोलीत आठ जण, ओल्या कपड्यांची दोरी, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी. मुकादमाची खोली शेवटची. त्याच्या गादीखाली एटीएम कार्डांचा गठ्ठा निघाला, रबरबँड लावलेला. प्रत्येक कार्डाच्या मागे पांढरी पट्टी चिकटवून त्यावर स्केचपेनने पिन लिहिला होता. पगाराच्या दिवशी मुकादम सगळ्यांचे पैसे काढायचा, आपला हिस्सा ठेवायचा, बाकीचे वाटायचा.

1982 सालचा आशियाई खेळांच्या बांधकामावरचा खटला मला आठवला. दिल्लीत तेव्हा किमान वेतन होतं दिवसाला 9 रुपये 25 पैसे. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून मजूर आणणारे जमादार त्यातला एक रुपया कापून घ्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, किमान वेतनाहून कमी दाम देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी. सदतीस वर्षांनी जमादाराच्या हातात रोख पैशांऐवजी कार्डं आली होती, इतकाच फरक.

कार्डं ज्याची त्याला द्यायला लावली. एका मुलाला इंग्रजीतलं आपलं नाव वाचता येईना. नांदेडच्या मुलाने गठ्ठ्यातून शोधून ते त्याच्या हातात ठेवलं. मग ओट्यावर बसून दोघांची जुंपली.

"तुम्ही बारा तास करता म्हणून आम्हाला आठ तासांवर कुणी ठेवत नाही."

तो मुलगा बिहारमधल्या गयेचा. म्हणाला, "भैया, आठ घंटे में तो कमरा और मेस ही निकलता है. घर क्या भेजें?"

नांदेडचा खोटं बोलत नव्हता. त्याची जागा खरंच गेली होती. पण माणसं दुरून आली म्हणून स्वस्त होत नाहीत. तेव्हा लागू असलेल्या 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात तर ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या कामगाराला महिन्याच्या वेतनाच्या निम्मा विस्थापन भत्ता द्यायचा होता, वर येण्याजाण्याचा खर्च. कायदा पाळला असता तर हाच मुलगा ठेकेदाराला नांदेडच्या मुलापेक्षा महाग पडला असता. त्याला स्वस्त केलं ते गादीखालच्या गठ्ठ्याने आणि सातला सुटणाऱ्या शिफ्टने. मी दोघांनाही हे सांगितलं. पटलं की नाही, माहीत नाही. दोघंही गप्प बसले.

तेव्हाच्या किमान वेतन कायद्याच्या कलम 20 खाली दावा करा म्हटलं, फरकाच्या दहापट भरपाई मागता यायची. बावीसपैकी चौघांनी सह्या केल्या. मुकादम त्यांच्याच गावचा, त्याने घरी पेशगी, म्हणजे उचल, दिलेली. बाकीच्यांची हिंमत झाली नाही. ठेकेदाराने हात वर केले, तेव्हा मूळ मालक म्हणून जबाबदारी कंपनीवर येते हे मी लेखी कळवलं. चौघांची फरकाची रक्कम कंपनीने भरली. बाकीचे अठरा एका रात्रीत दुसऱ्या साइटवर हलवले गेले. पुन्हा गेले तेव्हा खोल्यांना कुलपं होती आणि दोरीवर एक टॉवेल राहिला होता.

सप्टेंबरमध्ये नांदेडच्या मुलाचा फोन आला.

"मॅडम, आम्हा बारा जणांना परत घेतलंय. त्याच लाइनवर."

"चांगलं झालं. सुटतोस किती वाजता?"

पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. "सातला. मस्टरवर आठच तास. कार्डं मात्र आमच्या खिशात आहेत." मग म्हणाला, "आता आमचाच अर्ज लिहायचाय. कधी येऊ?"

सोमवारी ये म्हटलं. पंचिंगच्या वेळा रोज वहीत लिहून ठेव, तारखेसकट. दावा तेव्हा सहा महिन्यांच्या आत करावा लागायचा.