बर्डीच्या जिन्याखालून: आमची वाटचाल

नागपूरच्या बर्डीवर एका जिन्याखाली दुकान. भाऊजी, मी, दोन सोल्डरिंग गन, एक मल्टिमीटर. सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, येईल ते दुरुस्त करायचो. हात बसला तो इलेक्ट्रोपोरेटरवर, म्हणजे विजेच्या झटक्याने पेशीत डीएनए शिरवणाऱ्या यंत्रावर. पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली.

मग ऑगस्ट 2021. झायडस कंपनीच्या झायकोव्ह-डी या कोरोनाच्या लसीला 20 तारखेला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस. आम्हीही पेढे वाटले. पण ती द्यायची सुईविना, स्प्रिंगच्या जोरावर, कातडीत. दोन्ही दंडांत प्रत्येकी 0.1 मिली, असे 28 दिवसांच्या अंतराने तीन डोस. ना बॅटरी, ना वायर.

आमच्याच गल्लीतला एक डीलर लगेच लॅबोलॅब फिरला. म्हणे, विजेचा झटका देणारी यंत्रं आता भंगारात, कशाला एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, भरता? अन् लोकांनी ऐकलं! एकाने विचारलं नाही की बाप्पा, ती लस म्हणजे प्लास्मिड, डीएनएचं गोल कडं, अन् तो वाढवायचा जिवाणूतच ना? त्यात शिरवायला हीट शॉक, म्हणजे उष्णतेचा झटका, चालतो, पण डीएनए जेमतेम असला की विजेचा झटकाच कामी येतो. उंदरावरच्या प्रयोगातही तेच. नुसतं टोचलं तर फार थोडा डीएनए पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. झटक्याने आवरण क्षणभर सैल होतं.

दिवाळीपर्यंत अकरा करार गेले. भाऊजी वाटणी घेऊन वेगळे झाले. भाड्यासाठी ऑसिलोस्कोप विकला. त्याच्या फोकसच्या बटणावर भाऊजींच्या अंगठ्याने घासलेली जागा होती.

राहिल्या एक मॅडम. ऑटोत यंत्र मांडीवर घेऊन आल्या. "भाऊ, सारखी ठिणगी मारतंय." पाहिलं तर यंत्र ठणठणीत. डीएनएत मीठ उरलं होतं. पैसे घेतले नाहीत, तरी जाताना त्यांनी वर्षाच्या एएमसीचा चेक टेबलावर ठेवला.

म्हणून सांगतो, डीएनए साध्या शुद्ध पाण्यात घ्या. क्यूव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी डबी, बर्फावर थंड करा, पण लावण्याआधी बाहेरून कोरडी पुसा. आणि कव्हर उघडलं की आत हात घालण्याआधी कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरमधून उतरवा. स्क्रूड्रायव्हर टेकवणाऱ्यांचे काळे पडलेले स्क्रूड्रायव्हर मी पाहिलेत.

गेल्या महिन्यात त्याच डीलरचा पोरगा आला. हातात इलेक्ट्रोपोरेटर, चार्जच होत नव्हता. कपॅसिटर फुगलेला. बदलून दिला. पैसे आधी मोजून घेतले.