चहा घेतलात का, ते आधी सांगा

पित्ताचा स्कॅन (हायडा स्कॅन) कसा असतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "अणूचं औषध टोचणार म्हणे. सोनोग्राफी झालीय ना, मग हे कशाला? आणि घरी नात लहान आहे, तिला घेतलं तर?" गामा कॅमेऱ्याशेजारी (अंगातल्या औषधाचे किरण टिपणारं यंत्र) उभी राहून हे मी सतत ऐकते.

शिरेतून देतो ते टेक्नेशियम, किरण सोडणारं औषध. दर ६ तासांनी त्याचा जोर निम्मा होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्सा उरतो. बरंचसं तर पित्ताबरोबर आतड्यातून निघूनही जातं. किरणांची मात्रा साधारण २ ते ३ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप). माती, हवा, अन्न यांतून वर्षभरात आपसूक मिळते जवळपास तेवढीच. त्या दिवशी नातीला तासन् तास मांडीवर घेऊन बसू नका, पाणी भरपूर प्या, झालं. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर मात्र आधी सांगा.

खडे बघायला सोनोग्राफीच बरी, त्यासाठी आमच्याकडे येऊ नका. आमच्याकडे दिसतं ते पित्त कुठून कुठे चाललंय. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर पोट फुगलं, तर सोनोग्राफी सांगते 'पाणी साचलंय'. ते पित्तच गळतंय का, हे आमच्या पडद्यावर कळतं.

मला धास्ती असते ती सकाळच्या चहाची. एक आजी "पाण्याचा थेंब नाही घेतला" म्हणत टेबलावर झोपल्या. यकृत उजळलं, पित्तनळी दिसली, औषध आतड्यातही उतरलं. पित्ताशयाची जागा तासाभरानेही रिकामी. पित्ताशयाचं तोंड बंद, सूज आहे, असाच अर्थ निघाला असता. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "कपभर चहा आणि दोन खारी." खाल्लं की पित्ताशय आक्रसतं, आमचं औषध आत घेतच नाही. (दोन दोन दिवस कडक उपास करूनही येऊ नका, तेव्हा ते जुन्या पित्ताने तुडुंब असतं. मॉर्फिनसारखं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, नळीचं तोंड आवळतं.)

चहापायी आजींना दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागलं. या खेपेला पंचविसाव्या मिनिटाला पित्ताशय दिसलं. मग आम्हीच त्यांना पेलाभर साईचं दूध दिलं, ते नीट आक्रसतं का बघायला. आजी सुनेकडे बघत राहिल्या.