साडेसहाशे शब्द पुरे

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांमध्ये पुष्कळदा 'पाच अधिक दोन' असा हिशेब असतो. पाचव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, सातव्याला शेवटची. समोरच्याला नीट कळावं असं बोलायचं तर मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. मध्ये थांबायला आणि टाळ्यांना जागा सोडली, की सात मिनिटांना साडेसहाशे शब्द पुरतात. स्पर्धक मात्र हजार लिहून आणतात. मग पहिली घंटा झाली की वेग दुप्पट होतो आणि ज्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली तो शेवटच कापला जातो.

म्हणून शेवट आधी लिहावा. साधारण पाऊण मिनिटाचा, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर शब्दांचा. त्याच्या आधीचा एक परिच्छेद 'गाळायचा' म्हणून घरीच ठरवून ठेवावा. वेळ हातात असेल तर तो बोलायचा, नसेल तर सोडून थेट शेवटावर यायचं. ही उडी ऐकणाऱ्याला कळू नये यासाठी शेवटाचं पहिलं वाक्य गाळीव परिच्छेदावर अवलंबून ठेवू नका. 'म्हणूनच', 'याच कारणाने' अशा शब्दांनी ते सुरू झालं, तर मधलं गाळल्यावर उघडं पडतं. सराव करताना दोन्ही वाटांनी बोलून पाहा.

सुरुवातीला 'आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय मान्यवर, तज्ज्ञ परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो' एवढं म्हणेपर्यंत आठ-दहा सेकंद जातात, आणि घड्याळ बहुधा पहिल्या शब्दालाच सुरू झालेलं असतं. अध्यक्ष आणि श्रोते, दोन संबोधनं बास. त्यानंतर लगेच शेर किंवा चारोळी नको. त्याच चार ओळी परीक्षकांनी सकाळपासून तीनदा ऐकलेल्या असतात.

खरी अडचण भाषेची असते. 'शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वाढत्या प्रमाणाच्या पार्श्वभूमीवर' हे डोळ्यांना चालतं, कानाला नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की कुणी काय केलं हे कळायला ऐकणारा ताटकळतो. दहा-बारा शब्दांत क्रियापद आलं पाहिजे. 'करण्यात आलेली आहे' असं न म्हणता 'सरकारने केली' म्हणावं, म्हणजे कर्ताही समोर येतो. आकड्यांचंही तेच. 39.6 टक्के कुणाच्या लक्षात राहत नाही, 'दर पाचांत दोघं' राहतं. एका भाषणात असे दोन आकडे खूप झाले.

अख्खं भाषण शब्दशः पाठ करण्यात मोठा धोका आहे. एक शब्द निसटला तर पुढची साखळीच तुटते, आणि मग वर छताकडे बघणं आलं. पहिली दोन आणि शेवटची तीन वाक्यं तोंडपाठ हवीत. मधल्या मुद्द्यांसाठी चार-पाच शब्द कार्डावर ठळक लिहा. सराव उभं राहून, मोठ्याने आणि अधूनमधून भाषणाच्या मधूनच सुरू करून करावा, कारण अडखळल्यावर तिथूनच पुढे जायचं असतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. 'तर', 'म्हणजे', 'खरं तर' किती वेळा येतं ते ऐकून बहुतेकांना धक्का बसतो.

माईकपाशी गेल्यावर आधी उंची जमवा, मगच बोला. तोंड वीतभर लांब आणि माईक किंचित बाजूला, नाहीतर 'प', 'फ', 'भ' चे फटके बसतात. माईक हातात असेल तर त्याच्या जाळीवर मूठ आवळू नये आणि तो स्पीकरकडे रोखू नये, लगेच शिट्टी वाजते. स्टँडचा माईक असताना मान वळवली की आवाज पडतो. बाजूच्या श्रोत्यांकडे बघायचं तर तोंड माईकसमोरच ठेवून अंग वळवावं. नवखे वक्ते फक्त पहिल्या रांगेतल्या परीक्षकांशी बोलतात. मागच्या भिंतीजवळचा एक चेहराही धरून ठेवा, आवाज आपोआप तिथवर जातो.

शेवटची घंटा वाक्याच्या मध्येच झाली तर ते वाक्य पुरं करा, 'धन्यवाद' म्हणा आणि उतरा. 'वेळेअभावी सगळं मांडता आलं नाही' हे सांगायलाही वेळच जातो, आणि गुणही.