समाजशास्त्राचा ‘सोपा’ पेपर

बारावीनंतर कला शाखेकडे येणाऱ्या मुलांमध्ये समाजशास्त्राविषयी एक समजूत पक्की रुजलेली असते, आणि ती अशी की या विषयात अभ्यास करण्यासारखे फारसे काही नसते. समाजात आपण राहतोच, तेव्हा समाजाविषयी चार पाने लिहायला अडचण ती कसली? ठाण्याच्या आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्राच्या जागा भरल्या की उरलेली मुले याच भरवशावर समाजशास्त्राकडे वळत. पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत हा भरवसा टिकत नसे. प्रथम वर्षाचा पेपर शिकवणाऱ्या मॅडमविषयी कॅन्टीनमध्ये जे बोलले जाई, ते ऐकूनच नव्या मुलांना घाम फुटे: हजेरी पुरेपूर भरली तरी केटी लागते, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागतो, गाईडमधले वाक्य दिसले की त्या उत्तराला गुणच मिळत नाहीत, पहिल्या चाचणीत अर्धा वर्ग आपटतो. यातले दुसरे बऱ्याच अंशी खरे होते, तिसरे त्या त्या वर्षावर अवलंबून असे, आणि पहिल्याबद्दल मॅडमचे म्हणणे असे की हजेरीचा आणि उत्तराचा संबंध काय? आमच्या सोसायटीतील एका मुलीने यंदा याच विषयाला प्रवेश घेतला असून, तिने विचारलेल्या प्रश्नांना जिन्यात उभ्याने उत्तरे देणे शक्य नसल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला वर्गात बसून एक पान लिहायला सांगितले. विषय होता, ‘घटस्फोट का वाढत आहेत?’ वर्ग खुशीत होता, कारण प्रत्येकाकडे सांगण्यासारखे होते. मुली शिकल्या, सहनशक्ती संपली, मोबाईल आला, एकत्र कुटुंबे मोडली, सासवा मात्र बदलल्या नाहीत. पुढच्या तासाला पाने परत आली तेव्हा प्रत्येकावर तांबड्या शाईत एकच प्रश्न लिहिलेला होता: ‘वाढत आहेत हे कशावरून?’ त्यानंतर वर्षभर चाललेल्या नियमांची यादी फळ्यावर लिहिली गेली. कोणतेही विधान करायचे तर कोण, किती, कधीपासून आणि कोणाच्या तुलनेत, या चार गोष्टी सांगाव्या लागतील. त्या माहीत नसतील तर त्या कुठे मिळतील हे तरी सांगावे लागेल. ‘हल्लीची पिढी’, ‘आपली संस्कृती’ आणि ‘मानसिकता’ या शब्दांना वर्गात बंदी झाली. दहावीपर्यंत प्रत्येक निबंधाचा शेवट ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ या वाक्याने करून गुण मिळवलेल्या मुलांच्या पाठीचा कणाच काढून घेतल्यासारखी ही अवस्था होती, आणि माझ्या मते या अभ्यासक्रमाची सगळी अवघडता इथेच होती. वाचनाची यादी लांब होती हे खरे, परंतु वाचन वेळ काढून उरकता येते. तयार उत्तर तोंडाशी आलेले असताना ते गिळून आधी मोजायला बसणे हे त्याहून कष्टाचे काम आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरखेम शिकवताना हा कष्टाचा भाग पुरता उघडा पडला. आत्महत्येवरचा त्याचा ग्रंथ 1897 सालचा. आत्महत्या म्हणजे एकेका माणसाची अगदी खाजगी गोष्ट, तिची कारणे त्या त्या माणसापाशी शोधायची, हे आपल्याला उघड वाटते. द्युरखेमने मात्र युरोपातील देशांचे आकडे समोर ठेवून दाखवले की प्रत्येक समाजातील आत्महत्यांचा दर वर्षानुवर्षे बराचसा स्थिर राहतो, प्रोटेस्टंटांमध्ये तो कॅथलिकांपेक्षा अधिक असतो, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा अधिक असतो; आणि माणसे बदलूनही दर टिकत असेल तर त्याचे कारण सुट्या माणसांच्या स्वभावात सापडणार नाही. घटना आणि दर यांतला हा फरक समजायला आमच्या वर्गाला आठवडे लागले. मुले पुन्हा पुन्हा ओळखीतल्या कुणाची तरी गोष्ट सांगत आणि मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत, ‘ही गोष्ट झाली, दर कुठे आहे?’ एका मुलीला हे निष्ठुरपणाचे वाटले आणि तिने तसे वर्गात बोलूनही दाखवले. त्यावर मॅडम चिडल्या नाहीत, परंतु मुद्दाही सोडला नाही.

त्या आधीच्या, 1895 सालच्या पुस्तकात द्युरखेमने सामाजिक तथ्ये वस्तूंप्रमाणे पाहावीत असे म्हटले आहे. सामाजिक तथ्य आपल्या बाहेर असते आणि आपल्यावर सक्ती करते. हे पाठ करणे सोपे होते, म्हणून मॅडमनी पाठांतराची सोयच ठेवली नाही. कोणीही लिहिलेला नाही पण सगळे पाळतात असा एक नियम शोधा, तो मोडणाऱ्याला काय शिक्षा होते ते प्रत्यक्ष पाहा आणि लिहून आणा, असा गृहपाठ मिळाला. आमच्यापैकी बहुतेक जणी लोकलने येणाऱ्या, त्यामुळे बायकांच्या डब्यातली चौथी सीट हाच विषय अनेकींनी निवडला. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचे, हा रेल्वेचा नियम नाही. तरीही आधी बसलेल्या तिघी सरकतात. न सरकणारीकडे उभ्या असलेल्या सगळ्या जणी अशा नजरेने पाहतात की पुढच्या स्टेशनापर्यंत तिला खिडकीबाहेरच बघत बसावे लागते. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न विचारला आणि ‘घाटकोपर’ असे उत्तर मिळाले की ती सीट विचारणारीच्या नावावर झाली, मग घाटकोपरला दुसरी कोणी शेजारीच उभी असली तरी तिचा हक्क नाही. संध्याकाळी भायखळ्याहून उलट सीएसटीला जाऊन, बसून परत येणाऱ्या, म्हणजे ‘रिटर्न’ येणाऱ्या बायकांविषयी मात्र डब्यात एकमत नव्हते, आणि ज्या मुलीने नेमके हे भांडण टिपून आणले होते, कोण कोणाच्या बाजूने बोलले, रोजच्या ग्रुपमधल्या बायकांना कोणती सूट मिळाली, नवखीला कोणत्या शब्दांत सुनावले गेले हे नोंदवले होते, तिला त्या सत्रातले सर्वाधिक गुण मिळाले. ज्यांनी ‘गर्दीमुळे माणुसकी हरवली आहे’ असे लिहिले, त्यांना काय मिळाले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतीय समाजशास्त्राची कथा बहुतेक ठिकाणी मुंबई विद्यापीठापासून सुरू होते, आणि त्यात वावगे काही नाही. 1919 साली तिथे समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख होते, पुढे गो. स. घुर्ये आले आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई असे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. हे सगळे मॅडमनी एका तासात सांगून संपवले. जातीच्या विषयाला त्यांनी सुरुवात केली ती मात्र या विभागाच्याही आधीच्या एका निबंधापासून, म्हणजे 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी वाचलेल्या निबंधापासून. बाबासाहेब आमच्या वर्गाला जयंतीच्या मिरवणुकीतले आणि संविधानातले ठाऊक होते. जातीची यंत्रणा सुट्या भागांत उलगडून दाखवणारा विद्यार्थी आंबेडकर आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. श्री. व्यं. केतकरांची व्याख्या तपासून, आपल्या ज्ञानकोशकारांनी जातीची म्हणून सांगितलेली दोन लक्षणे ही वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी त्यात दाखवले आहे. जातीच्या मुळाशी अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन, आहे. तो टिकवायचा तर गटातील लग्नाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. जोडीदार मेल्यावर मागे उरणाऱ्या व्यक्तीचे काय करायचे हा मग प्रश्न उभा राहतो, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही त्या प्रश्नाची उत्तरे आहेत. इतके कोरडे, हिशेबी आणि म्हणूनच हादरवून टाकणारे विवेचन मी तोवर वाचले नव्हते.

त्यावरचा गृहपाठ म्हणजे रविवारच्या वर्तमानपत्रांतील वधू-वर जाहिराती. सलग काही आठवड्यांच्या जाहिराती कापून त्यांत जात, पोटजात, पगार, घर, पत्रिका, गोत्र यांचा उल्लेख कोणत्या क्रमाने येतो ते तक्त्यात मांडायचे होते. ‘जातीची अट नाही’ असे छापणाऱ्या जाहिरातींतही पहिल्या ओळीत स्वतःची पोटजात आवर्जून दिलेली सापडली. काही जाहिरातींत अट नाही असे म्हणून लगेच कंसात काही जातींना ‘क्षमस्व’ म्हटलेले होते. ही कात्रणे वर्गात फिरत असताना जो वाद झाला तो तास संपल्यावरही चालू राहिला, कारण आपापल्या घरी मोठ्या बहिणीसाठी जाहिरात देणे चालू असलेल्या मुली त्या वर्गात होत्या आणि ज्यांना ‘क्षमस्व’ म्हटले होते त्यांची मुलेही त्याच बाकांवर बसली होती. मॅडमनी या वादात पडण्याचे टाळले, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. कात्रणे टेबलावर ठेवणाऱ्याने त्यांच्यामुळे दुखावलेल्यांकडेही पाहायला हवे होते.

दुसऱ्या सत्रात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स आला. 1959 सालच्या त्याच्या पुस्तकातील उदाहरण प्रसिद्ध आहे: एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची अडचण, परंतु पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर तो सार्वजनिक प्रश्न. ट्रान्स-हार्बरने घणसोलीहून येणारा एक आगरी मुलगा आमच्याबरोबर होता. त्याने या प्रकरणावर लिहिताना आपल्याच गावाचे उदाहरण घेतले आणि तिथल्या प्रकल्पग्रस्तांविषयी नवी मुंबईत सर्रास बोलले जाते तेच लिहिले, म्हणजे आमच्या माणसांना जमिनीचे पैसे मिळाले आणि त्यांनी ते गाड्यांवर, सोन्यावर नि हळदींवर उडवले. पान परत आले ते चार प्रश्न घेऊन: किती पैसे, किती जणांत, केव्हा, आणि ते दुसरे कशात घालता आले असते?

तो मुलगा महिनाभर आजीला, चुलत्यांना आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारत फिरला. नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले 17 मार्च 1970 रोजी. नवे शहर वसवण्यासाठी 95 गावांच्या जमिनींवर संपादनाची मोहर उमटली. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतल्या मासेमारीवर जगणाऱ्यांचे पोट आटले, आणि सातबारावर ज्यांचे नावच नव्हते अशा माणसांना मोबदल्याचा प्रश्नच आला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. परंतु ती हाती पडेपर्यंत एका सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी मुले, नातवंडे, लेकी-जावई असे वारसदार उभे राहिले होते, आणि वाटणी होऊ न शकणाऱ्या भूखंडाला बिल्डर हाच एक मार्ग उरत होता. वाढत्या कुटुंबासाठी गावठाणाच्या कडेला बांधलेली घरे ‘गरजेपोटीची’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि कागदोपत्री अनधिकृत ठरली. एका चुलत्याने घेतलेली गाडी त्याच्या निबंधात होती, पण आता ती तिसऱ्या पानावर होती आणि तिच्या आधी काय काय घडले ते दोन पानांत आले होते. हा निबंध मॅडमनी वर्गात वाचून दाखवला. एवढे कौतुक त्यांनी दुसऱ्या कोणाचे केल्याचे मला आठवत नाही.

आता तक्रारींविषयी, कारण त्या सगळ्याच आळशी मुलांच्या नव्हत्या. वाचनाची यादी जवळपास संपूर्ण इंग्रजीत होती. उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा होती, परंतु मिल्सची लांबलचक वाक्ये मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने झेरॉक्सवरून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलाने ती लोकलमध्ये वाचून टाकायची, या दोघांना एकाच मुदतीत एकच काम देणे याला काटेकोरपणा म्हणता येत नाही. शासनाने 1979 साली काढलेला आंबेडकरांच्या लेखनाचा पहिला खंड, ज्यात 1916 चा तो निबंध आहे, स्वस्तात मिळे, पण तोही इंग्रजीच. वर्गातील काही जणींनी याबद्दल प्राचार्यांकडे अर्ज दिला. त्यानंतर मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शनिवारी एक जादा तास सुरू झाला, ज्यात मॅडम स्वतः उतारा उतारा घेऊन मराठीत समजावून देत. हा तास इतका चांगला होत असे की इंग्रजी माध्यमाची मुलेही त्यात येऊन बसू लागली, आणि तो पहिल्या दिवसापासून का ठेवला नाही, याचे उत्तर काही मिळाले नाही.

ऐरोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी करून सकाळी तासाला येणाऱ्यांचे हाल निराळे होते. घरी बसून लिहिण्याच्या गृहपाठाऐवजी बाहेर जाऊन पाहण्याचा गृहपाठ मिळाला की त्यांच्या झोपेचे तास जात. मुदतीला उशीर झाला तर गुण कापले जात, आणि ज्या मॅडम प्रत्येक अडचणीमागची समाजरचना शोधायला शिकवत, त्या या एका बाबतीत मात्र ‘वेळेचे नियोजन करा’ म्हणून मोकळ्या होत. एका मुलाने हे त्यांना मिल्सचा हवाला देऊन सुनावले होते. त्या हसल्या, पण त्याचे कापलेले गुण त्यांनी परत दिले नाहीत.

तेव्हा आमच्या सोसायटीतील मुलीला माझे सांगणे एवढेच, की चाचणीच्या आदल्या रात्री गाईड घेऊन बसण्याचा बेत असेल तर विषय बदलण्याची मुदत संपण्यापूर्वी बदलून घ्यावा. राहायचे ठरलेच तर शनिवारचा तास चुकवू नये, द्युरखेमचे प्रकरण दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वाचून ठेवावे, आणि गृहपाठासाठी लोकलच्या डब्याचा विषय मात्र घेऊ नये; तो आमच्यानंतर इतक्या तुकड्यांनी वापरला आहे की मॅडमनी आता चौथ्या सीटवर बंदी घातल्याचे ऐकते.