काया रिबेला, म्हणजे केनियात मोंबासाजवळच्या एका पवित्र जंगलात, जाऊन आलो, ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहितेय

आधीच सांगून टाकते, ज्या झुडपाच्या नादानं आम्ही गेलो ते फुललेलं बघायला मिळेल या आशेवर कोणी तिकडे जाऊ नका. जंगल बघायला जा, तिथली माणसं भेटायला जा, झुडूप दिसलं तर बोनस.

झुडपाचं नाव ल्यूकिआ क्वेंटिनाय. २०२२ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या क्यू बुलेटिनमध्ये याचं वर्णन छापून आलं आणि गंमत म्हणजे नुसती नवी जात (स्पीशीज) नाही तर अख्खी नवी प्रजातीच (जीनस, म्हणजे जातींचा गट) करावी लागली, कारण आधीच्या कुठल्याच खणात ते बसेना. क्वेंटिन ल्यूक म्हणून पूर्व आफ्रिकेतले एक वनस्पतीतज्ज्ञ आहेत, केनियाच्या किनाऱ्यावरची जंगलं त्यांनी पिंजून काढलीयत, त्यांच्यावरून प्रजातीलाही नाव आणि जातीलाही. नाव दिलं ते क्यूच्या मार्टिन चीक आणि जॉर्ज गॉसलाइन यांनी. याचं एक भावंड टांझानियाच्या उडझुंग्वा डोंगरात आहे, ल्यूकिआ ट्रायसिए. आणि कुळ कोणतं, तर आपल्या सीताफळाचं! सीताफळाचं फूल ज्यांनी नीट बघितलंय त्यांना तीन जाड पाकळ्या आठवतील, इथेही पाकळ्या तीनच, पण खाली एक चपटी गोल वाटी असते, पुष्पासन (देठाचं टोक, ज्यावर फूल बसतं) आणि निदलपुंज (पाकळ्यांखालचा बाहेरचा घेर) मिळून झालेली, आणि ही वाटी आफ्रिकेतल्या सीताफळ कुळात दुसऱ्या कोणाकडे नाही. आधी याच्या वाळवलेल्या नमुन्यांना युव्हेरिऑप्सिस, म्हणजे याच कुळातली दुसरी एक प्रजाती, असावी असं समजून बाजूला ठेवलेलं होतं.

युव्हेरिऑप्सिसवरून आठवलं, त्याच वर्षी कॅमेरूनच्या एबो जंगलातल्या त्या प्रजातीच्या एका झाडाला लिओनार्डो डिकॅप्रिओचं नाव दिलं आणि जगभरच्या पेपरांत बातमी झळकली. त्याने एबोतली लाकूडतोड थांबवायला मदत केली म्हणून दिलेलं नाव, त्याबद्दल तक्रार नाही, पण आमच्या घरापासून एका ट्रेनच्या अंतरावर असलेल्या या झुडपाबद्दल कोणाला पत्ता नाही म्हणजे काय, म्हणून आम्ही निघालो.

आम्ही नैरोबीत राहतो, त्यामुळे मोंबासापर्यंतचा प्रवास सोपा. मडाराका एक्सप्रेस पकडा, २०१७ पासून सुरू आहे, पाच-सहा तासांत पोचवते. इकॉनॉमीचं तिकीट जानेवारी २०२४ मध्ये १००० वरून १५०० शिलिंग झालं, निघायच्या आधी एकदा बघून घ्या. तिकीट आधीच काढा, वीकेंडला मिळत नाही, आणि नैरोबीचं स्टेशन शहरात नाही तर बाहेर स्योकिमाउला आहे आणि सामानाची तपासणी विमानतळासारखी असते तेव्हा तासभर आधी पोचा. मध्ये त्सावोचं राष्ट्रीय उद्यान लागतं, खिडकीतून लाल मातीने माखलेले हत्ती दिसतात. नवरा जुन्या मीटरगेज लाइनचा भक्त आहे, १८९६ ते १९०१ मध्ये भारतातून आणलेल्या मजुरांनी घातलेली ती, त्याचं लेक्चर मी थेट व्होई स्टेशनपर्यंत ऐकलं आणि मग झोपले.

मोंबासाचं नवं स्टेशन मिरितिनीला, म्हणजे पुन्हा शहराबाहेर. पण रिबेला जायचं असेल तर हे पथ्यावरच पडतं, कारण मझेरास त्याच बाजूला आहे. मझेरासवरून कलोलेनीकडे जाणारा रस्ता धरायचा, माटाटू (शेअर मिनीबस) मिळतात, राबाई मागे टाकलं की रिबेच्या फाट्याला उतरायचं आणि पुढे बोडाबोडा. बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, हेल्मेट मागा, लाजू नका. पैसे सगळीकडे एमपेसाने, म्हणजे मोबाइलवरून, चालतात पण जंगल राखणाऱ्या वडीलधाऱ्यांना द्यायला थोडी रोख जवळ असू द्या.

आता महत्त्वाचं. परवानगीशिवाय जाऊ नका. काया म्हणजे मिजिकेंडा लोकांची पवित्र जंगलं, मिजिकेंडा म्हणजे गिरिआमा, डिगो, डुरुमा, राबाई, रिबे वगैरे नऊ समाज. पूर्वी जंगलाच्या मध्यात त्यांची तटबंदीची गावं होती, नंतर लोक बाहेर येऊन शेतं करायला लागले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावं रिकामी झाली पण जंगल पूर्वजांचं म्हणून राखलं गेलं. आपल्या कोकणातल्या देवराया डोळ्यासमोर आणा म्हणजे झालं. २००८ मध्ये यातल्या बऱ्याच काया युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या, रिबेही त्यात आहे. तरी रोजचा शब्द चालतो तो काया-वृद्धांच्या मंडळाचाच. केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं किनारी जंगलांसाठी एक युनिट आहे, किलिफीत ऑफिस आहे, त्यांच्याकडे आधी बोलून ठेवलं की ते गावात कोणाला भेटायचं ते सांगतात. आम्ही तसंच केलं. थेट गेलात आणि कोणी पोरगा शंभर शिलिंगात आत नेतो म्हणाला तर प्लीज जाऊ नका, त्या पोराचीही पंचाईत होते.

मंडळातल्या, आमच्याबरोबर आलेल्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो काही तोडायला आलात का हाच. नाही म्हटल्यावर मग बसायला सांगितलं, थोडं बोलणं झालं, माझं स्वाहिली बाजारापुरतं आहे, नवऱ्याचं बरं आहे. कमरेला गडद कापड गुंडाळायचं, टोपी काढायची, आतल्या भागात चप्पल-बूट बाहेर. अनवाणी चालायची सवय नसेल तर घरी थोडी करा, कारण मुळं आणि दगड भरपूर आहेत. पान तोडायचं नाही, बी उचलायचं नाही, पडलेली काटकीसुद्धा न्यायची नाही. फोटो विचारून, आणि काही जागी विचारायचंही नाही. पाळीच्या दिवसांत बायकांनी जावं की नाही वगैरे गोष्टी मी स्वतःहून विचारून घेतल्या, त्यांनी उत्तर नीट दिलं, तुम्हीही विचारा, प्रत्येक कायाचे नियम वेगळे असतात.

जंगल लहान आहे. ३६ हेक्टर, म्हणजे नव्वद एकरांच्या आतबाहेर. बाहेर मका, कसावा, नारळ, रणरणतं ऊन, आणि कडेची झाडं ओलांडली की एकदम अंधारं आणि दमट, घाम वाळतच नाही. उतारावरून खाली जाताना वेलींना धरून जावं लागलं. मी काही बॉटनिस्ट नाही, पण सीताफळ कुळाची पानं ओळखायची थोडी प्रॅक्टिस करून गेले होते, साधं एकेक पान, फांदीच्या दोन बाजूंना ओळीत लावलेलं, चुरगाळलं तर वास येतो (चुरगाळू नका!). अशी झुडपं तीन-चार तऱ्हेची दिसली. एका झुडपाशी आजोबा थांबले आणि म्हणाले हे बघायला ते झाडवाले लोक आले होते. फूल नव्हतं, फळ नव्हतं, माझ्या उंचीपेक्षा थोडं जास्त, गडद हिरवी पानं. फुलाशिवाय मी छातीठोक सांगू शकत नाही की तेच, आणि इथे फोटोही टाकत नाही. जीपीएस तर नाहीच नाही. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या निकषांवर हे झुडूप अतिसंकटग्रस्त धरलंय, टांझानियातलं भावंड संकटग्रस्त, आणि दुर्मिळ झाडाचा नेमका पत्ता नेटवर टाकणं म्हणजे चोराला किल्ली. कोणी विचारलं तरी देणार नाही.

फूल बघायचंच असेल तर मूळ पेपर नेटवर शोधा, दोन्ही जातींची सुंदर रेखाचित्रं आहेत त्यात, आणि खरं सांगायचं तर ती वाटी जंगलातल्या अंधारात दिसली असती त्यापेक्षा चित्रात जास्त नीट दिसते. नव्या जाती पुष्कळदा अशाच सापडतात. कोणीतरी जंगलात फांदी तोडून, दाबून, वाळवून ठेवतं, ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते आणि मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येतं की अरे, हे काहीतरी निराळंच आहे. क्वेंटिन ल्यूक आणि अ‍ॅन रॉबर्टसन यांनी या किनारी जंगलांचा मोठा सर्व्हे केला होता, त्यांचा रिपोर्ट १९९३ चा आहे. तेव्हाही आसपासची जंगलं कमी होत होती, घराचे वासे, कोळसा, शेती, चुनखडीच्या खाणी. काया टिकल्या त्या आजोबांसारख्या लोकांमुळे, आणि आजोबांची तक्रार अशी की तरुण पोरांना मंडळात यायचं नसतं, मोंबासात नोकरी बरी वाटते. यावर काय बोलणार.

परत येताना राबाईला थांबाच, विशेषतः नाशिकवाल्यांनी. योहान क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याने १८४६ मध्ये तिथे मिशन काढलं, आता छोटं म्युझियम आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ब्रिटिशांनी मुंबईला नेलं, त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली आणि शिकली, आणि १८६४ मध्ये त्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर असे काही जण परत इकडे राबाईला आले. यांना इथे बॉम्बे आफ्रिकन्स म्हणतात. पुढे १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेरे टाउन वसवलं, नाव मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांचं. न्यालीकडे जाताना केंगेलेनीला तिथली घंटा अजून आहे. नाशिकच्या बाजारात ही मुलं भाजी घेताना काय बोलत असतील कोण जाणे. रिबेतही १८६२ चं मेथॉडिस्ट मिशन आहे, आम्हाला वेळ झाला नाही.

राहायला मोंबासाच बरं, रिबेत हॉटेल वगैरे नाही. शाकाहारी जेवणाची मोंबासात अजिबात चिंता नाही, गुजराती वस्ती जुनी आहे. बाजारात स्टाफेली मिळालं तर घ्या, मोठं काटेरी फळ, आंबटगोड, सीताफळाच्याच कुळातलं.

कधी जायचं? एप्रिल ते जून मोठा पाऊस, उतार निसरडे होतात आणि अनवाणी तर विचारूच नका, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत कोरडं पण भयंकर गरम, जुलै ते सप्टेंबर सगळ्यात सोयीचं. सकाळी लवकर जा. मलेरियाची गोळी डॉक्टरला विचारून, पूर्ण बाह्या, आणि पाणी दोन लिटर तरी.

भारतातून येणाऱ्यांनी ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) ऑनलाइन काढायचं, जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद झालाय. यलो फीव्हरची लस निघायच्या कमीत कमी दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा, ते नसेल तर मुंबईला उतरल्यावर क्वारंटाइनमध्ये टाकतात. लसीची अपॉइंटमेंट ऐनवेळी मिळत नाही, तिकिटाच्या आधी ती बघा.