आमचे सगळे तेंडुलकर

मेलबर्नमध्ये माझं आडनाव कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. बँकेत, मुलाच्या शाळेत, दवाखान्यात एकच प्रश्न येतो: सचिन तुमचा कोण? साहजिकच आहे. डिसेंबर १९९९ मध्ये त्याने इथल्या मैदानावर ११६ धावा केल्या, ती खेळी पाहिलेले लोक अजून भेटतात. २०१२ साली ऑस्ट्रेलियाने त्याला ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चं सदस्यत्वही दिलं. मला त्याचा अभिमान आहे. पण आमचं अख्खं आडनाव एकाच माणसावर संपावं, हे काही मला पटत नाही.

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत बहुतेक घरं तेंडुलकरांचीच. तिथे आडनाव सांगून काही उपयोग नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे नावंही तीच तीच. मग माणूस ओळखायचा तो कामावरून: मास्तर आबा, एसटीतले आबा, गिरणीत होते ते मुंबयकर आबा. पोस्टमन पत्र घेऊन आला की पहिला प्रश्न, “खयच्या आबांचा?”

म्हणून इथे कुणी सचिनचं विचारलं, की मी बाकीच्यांचंही सांगतो. त्याचे वडील रमेश तेंडुलकर कवी आणि मराठीचे प्राध्यापक. विजय तेंडुलकर नाटककार, त्यांची मुलगी प्रिया म्हणजे दूरदर्शनवर ग्राहकांसाठी भांडणारी रजनी. दी. गो. तेंडुलकरांनी गांधीजींचं चरित्र आठ खंडांत लिहिलं. या मंडळींशी माझं नातं फक्त आडनावाचं.

सगळ्यात जास्त बोलतो ते सुरेश तेंडुलकरांबद्दल. ते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र शिकवत. गरिबी कशी मोजायची हे ठरवायला नियोजन आयोगाने समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष. अहवाल २००९ चा. आधीच्या दारिद्र्यरेषेचा पाया होता पोटात जाणारे उष्मांक. या समितीने तो सोडला आणि शाळेचा, औषधपाण्याचा खर्चही हिशोबात धरला. २००४-०५ साली खेड्यापाड्यांतले २८.३ टक्के लोक गरीब मानले जात होते, नव्या मोजणीत ते ४१.८ टक्के निघाले. ही रेषाही फार खाली आहे, अशी टीका पुढे खूप झाली आणि मलाही ती पटते. तरी आमच्या वाडीत दोन वेळची पेज मिळणारी घरं औषधासाठी उसनवारी करताना मी पाहिली आहेत. दिल्लीतल्या कागदावर तो खर्च धरणारा माणूस तेंडुलकर होता, हे मला सचिनच्या शतकाएवढंच मोठं वाटतं. इथल्या माझ्या एका बिहारी सहकाऱ्याने आडनाव ऐकून सचिनऐवजी ‘तेंडुलकर समिती’ म्हटलं, तेव्हा त्याला मी मुद्दाम घरी जेवायला बोलावलं. सोलकढीही केली.

हे काही आमच्यापुरतंच नाही. ‘सकाळ’ काढणारे नानासाहेब आणि वारल्यांमध्ये राहून लढलेल्या गोदावरीबाई, दोघंही परुळेकर. मे महिन्यात मी गावी येतोय. वाडीतल्या शाळेत मुलांसाठी एक फलक लावायचा आहे: आपलं आडनाव लावणारी माणसं काय काय करतात. त्यावर नाटककार हवेत, अर्थतज्ज्ञ हवेत आणि एसटीतले आबाही हवेत. तुमच्या माहितीतले कोण असतील ते माका आधी कळवा, म्हणजे येण्याआधी यादी पुरी होईल.