आमची वाटचाल : बिल्ड करताना टेस्ट चालवायचीच

सुरुवात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून झाली. मालकांना कुठल्या लूमवर (मागावर) किती पिक (आडव्या धाग्याचे फेरे) पडले आणि कुठली लूम किती वेळ बंद होती हे मोबाईलवर बघायचं होतं, म्हणून आम्ही छोट्या एआरएम बोर्डवर (मोबाईलसारख्या प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरवर) लिनक्स टाकून एक डबी बनवली. ती चालली, शेजारच्यांनी मागितली, मग होटगी रोडला दोन खोल्या घेतल्या, इथलीच पोरं कामाला घेतली.

डबीतलं सगळं लिनक्स आम्ही सोर्सपासून बिल्ड करतो, म्हणजे लिहिलेला कोड कंपायलरने मशीनच्या भाषेत बदलून घेतो, आणि तेव्हा प्रत्येक पॅकेजचं मेक चेक, म्हणजे त्याच्याबरोबर आलेली टेस्ट, चालवतोच. बरेच जण ते बंद ठेवतात, डेबियन या लिनक्सच्या बिल्डला नोचेक (टेस्ट नको) सांगितलं की झालं, वेळ वाचतो. पण ती टेस्ट नुसती पॅकेजची नसते ओ. सोर्स तोच, ऑप्शन तेच, काल पास होती, आज फक्त कंपायलर बदलला आणि पडली, तर आधी संशय कंपायलरवरच येणार. जीएमपी ही मोठ्या आकड्यांची लायब्ररी, तिचे लोक तर सांगतातच की मेक चेक चालवल्याशिवाय वापरू नका, कारण कंपायलरने चुकीचा कोड काढल्याचं त्यांनी कितीदा बघितलंय. २०११ साली युटा विद्यापीठातल्या मंडळींनी सीस्मिथ या टूलने आपोआप सी प्रोग्रॅम बनवून वेगवेगळ्या कंपायलरमधले ३२५ पेक्षा जास्त बग कळवले होते, म्हणजे ही काय कधीतरीची गोष्ट नाही.

आमच्याकडे जीसीसी या कंपायलरचं नवीन व्हर्जन घेतल्यावर एका कॉम्प्रेशन लायब्ररीची एकच टेस्ट पडायला लागली, तीही ३२ बिट एआरएमवर, ओ-टूला (कंपायलरला कोड वेगवान करायला सांगितलं की) पडते आणि ओ-झिरोला (तसं न सांगता) पास. मग अर्ध्या फाइली जुन्या कंपायलरने, अर्ध्या नवीनने, लिंक करा, टेस्ट चालवा, परत अर्ध्या, असं करत पोरांनी एका फाइलपर्यंत आणि तिथून एका लूपपर्यंत आणलं. तरी लगेच कंपायलरच्या नावाने ओरडायचं नाही, कारण बऱ्याचदा कोडमध्येच अनडिफाइन्ड बिहेवियर (भाषेच्या नियमात ज्याचा निकाल ठरलेलाच नाही असं काही) असतं. असल्या चुका झाकणारे एफ-रॅप-व्ही आणि नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग हे ऑप्शन लावून बघितले, त्या पकडणारा सॅनिटायझर लावला, कोड स्वच्छ निघाला. मग सी-व्हाइज या कोड छाटणाऱ्या टूलने प्रोग्रॅम एवढासा केला, प्रीप्रोसेस केलेली फाइल, व्हर्जन, ऑप्शन सगळं जोडून जीसीसीच्या बगझिलात (बग नोंदवायच्या साइटवर) टाकलं, आणि तोवर तेवढी एक फाइल ओ-वनला बिल्ड केली. टेस्ट बंद असती तर हाच कोड कारखान्यात गेला असता, शिफ्टचे आकडे बिघडले असते आणि कामगाराच्या पगाराला धक्का लागला असता, कारण किती पिक पडले त्यावर मजुरी असते.

उन्हाळ्याचं वेगळंच. जीसीसीचं मोठं व्हर्जन बहुतेक एप्रिल-मेमध्ये येतं, आणि तेव्हाच सोलापूर ४० च्या वर. मशीन तापलं की कंपायलर मधेच क्रॅश होतो, पण दरवेळी वेगळ्या फाइलवर. परत चालवल्यावर पास झालं तर तो कंपायलरचा बग नाही, रॅम नाहीतर उष्णता बघायची. म्हणून आता मोठा बिल्ड रात्रीच लावतो, आणि टेस्ट क्यूएमयूवर (बोर्डची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) न थांबता खऱ्या बोर्डवरही चालवतो, कारण क्यूएमयूत पास झालेली बोर्डवर पडलेली आम्ही बघितलीय.

गिऱ्हाईक विचारतात, अपडेटला एवढे दिवस का लावायलाय. मी त्यांना ऑफिसात बोलवून टेस्टचा लॉग दाखवतो, कुठली पडली, का पडली, सगळं.